तलाव बुजवण्याचा अर्ज

रायपूरच्या बूढापाऱ्यात एक निवृत्त शिक्षिका राहत असत. पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, त्यांना सगळे नुसतं ‘बाई’ म्हणत. दर रविवारी सकाळी त्यांच्या ओसरीवर आठवी ते अकरावीतली दहा-बारा मुलं जमायची. घरी मराठी, शाळेत हिंदी आणि गल्लीत छत्तीसगढी बोलणारी मुलं. नागपूरकर भोसल्यांच्या अमलात इकडे आलेली आणि 1854 साली ते राज्य खालसा झाल्यावरही इथेच राहिलेली कितीतरी मराठी कुटुंबं रायपुरात आहेत. बरीच मुलं त्यांच्यातली, काही शेजारपाजारची. बाई त्यांना वाचायला आणि लिहायला शिकवत. त्या वर्षी त्यांनी ठरवलं, की अख्खा पावसाळा एकाच गोष्टीला द्यायचा: उपरोधानं लिहिलेलं ओळखायचं कसं आणि आपण लिहायचं कसं.

कारण असं होतं, की मुलं हसायला फार लवकर शिकली होती. कुणाची नक्कल, कुणाचा रंग, कुणाचं बोलणं. मोबाइलवर दिवसभर तेच चालायचं. बाईंना त्यांचं हसणं बंद करायचं नव्हतं. त्यांना ते कामाला लावायचं होतं.

पहिल्या रविवारी त्यांनी दासबोध काढला. दुसऱ्या दशकातला पहिला समास, मूर्खलक्षणांचा. प्रत्येक ओवीला मुलांना कुणी ना कुणी आठवायचं. हा आमच्या वर्गातला अमका, ही आमची मावशी, हे तर आमचे प्रिन्सिपल. बाईंनी पोटभर हसू दिलं. मग म्हणाल्या, “आता पेन्सिल घ्या. जे लक्षण आपल्यात सापडेल त्यापुढे बारीक खूण करा. कुणाला दाखवायचं नाही.” ओसरी शांत झाली. पेन्सिली मात्र बराच वेळ चालू होत्या. खुणा करून झाल्यावर बाईंनी त्याच दशकाचा शेवटचा समास वाचायला सांगितला. तो पढतमूर्खाचा. साध्या मूर्खाचं वर्णन करून समर्थ थांबले नाहीत, शिकलेल्या मूर्खाला त्यांनी वेगळा समास दिला. का दिला असेल, एवढंच विचारून त्यांनी वर्ग सोडला.

पुढचे रविवार भराभर गेले. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे ‘सुदाम्याचे पोहे’ झाले. 1910 साली पुस्तकरूपानं आलेले हे लेख सगळ्यांना सारखे कळले नाहीत, भाषा जड गेली. पण एक गोष्ट बाईंनी त्यांच्याकडून शोधून घेतली. रूढींच्या आणि भोळ्या समजुतींच्या फजितीची हकिगत सांगणारा सुदामा काठावर बसून सांगत नाही. बंडूनाना आणि पांडूतात्यांच्या जोडीला तो स्वतः त्या फजितीत असतो.

मग हरिशंकर परसाई आले. जबलपूरचे परसाई मुलांना जवळचे वाटले. ते कधी काळी शिक्षक होते, मुक्तिबोधांचे मित्र होते आणि रायपूरकर जो ‘देशबंधु’ वाचतात त्यात ते वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देत. त्या सदराची पिवळी पडलेली कात्रणं बाईंकडे होती. ‘भोलाराम का जीव’ ही त्यांची गोष्ट मोठ्यानं वाचून झाली. पेन्शनच्या फायलीत अडकून बसलेला तो जीव पाहून मुलं हसली, आणि दूधवाल्याची मुलगी हसता हसता म्हणाली, “बाई, माझ्या आजीचं राशनकार्ड असंच अडकलंय.” कुणी काही बोललं नाही. बाईंनी ते वाक्य वहीत लिहून ठेवायला सांगितलं.

याच दिवसांत एका मुलानं शाळेच्या चपराशाच्या चालण्यावर लिहून आणलं होतं. वाक्यं चटपटीत होती. बाईंनी कागद वाचला आणि विचारलं, “हे वाचल्यावर तो आपलं चालणं बदलू शकेल का?” मुलगा नाही म्हणाला. “मग त्यानं हे वाचून काय करायचं?” मुलाला उत्तर आलं नाही, आणि त्यानं कागद खिशात घातला. जे माणसाच्या हातात नाही त्यावर हसू नये, हा नियम त्या वर्गात पुन्हा सांगावा लागला नाही.

आणि मग एका रविवारी बाईंनी जोनाथन स्विफ्टची गोष्ट सांगितली. 1729 साली डब्लिनमध्ये त्यानं एक पत्रक छापलं. आयर्लंडमध्ये दारिद्र्य भयंकर होतं, रस्तोरस्ती भीक मागणाऱ्या आयांच्या कडेवर पोरं होती, जमिनींचे मालक इंग्लंडात बसून खंड वसूल करत होते. स्विफ्टनं एका शहाण्या, हिशेबी माणसाचं सोंग घेतलं आणि अत्यंत सभ्य भाषेत सुचवलं, की गरिबांची वर्षाची झालेली मुलं श्रीमंतांना खायला विकावीत. किती मुलं, किती वजन, किती किंमत, देशाचा फायदा किती, सगळा हिशेब मांडला. शेवटी हेही सांगितलं, की यात माझा स्वार्थ नाही, माझं धाकटं मूल नऊ वर्षांचं आहे.

ओसरीवरच्या मुली शहारल्या. वकिलांचा नातू मात्र तट्ट ताठ बसला होता. दहावीतला हा मुलगा वर्गात सगळ्यांत हुशार, आणि तसं त्याला ठाऊकही होतं. स्विफ्टचं पत्रक ऐकून त्याच्या डोक्यात काहीतरी पेटलं. भादव्यात पाऱ्यातल्या गणपतीच्या मंडपात मुलांचं भित्तिपत्रक लागायचं. त्यानं बाईंना सांगितलं, यंदाचा मुख्य लेख मी लिहितो, आणि टांगेपर्यंत तो कुणाला दाखवणार नाही. बाईंनी परवानगी दिली.

लेखाचं नाव होतं ‘एक नम्र विनंती’. विषय बूढा तलाव.

ज्यांनी रायपूर पाहिलेलं नाही त्यांना इथे थोडं सांगायला हवं. हे तलावांचं शहर. बूढा तलाव त्यातला मोठा आणि जुना. गोंडांच्या बूढादेवाशी त्याचं नाव जोडलं जातं आणि पाऱ्याचं नाव तलावाशी. आता त्याचं सरकारी नाव विवेकानंद सरोवर आहे, कारण 1877 साली किशोरवयीन नरेंद्र आईवडिलांबरोबर रायपूरला राहिला तो याच बूढापाऱ्यात. तलावाच्या मधोमध स्वामीजींचा बसलेला पुतळा आहे. काठाशी अनेक वर्षं धरणी आणि आंदोलनं होत, त्यामुळे पाऱ्यातली मुलं घोषणा ऐकतच वाढली. शहरातले कितीतरी तलाव मात्र राहिले नाहीत. रजबंधा तलावाचं मैदान झालं आणि त्यावर वर्तमानपत्रांच्या इमारती उभ्या राहिल्या. लेंडी तलावाच्या जागी शास्त्री बाजार भरतो. तिथे भाजी घेणाऱ्या कितीजणांना आपण तलावाच्या तळाशी उभे आहोत हे माहीत असेल?

मुलानं हे सगळं गोळा केलं होतं, आणि चांगलं गोळा केलं होतं. लेखात त्यानं एका जबाबदार नागरिकाचं सोंग घेतलं. इतके तलाव बुजले, मग एकट्या बूढा तलावावर हा अन्याय का? तो बुजवला तर डास जातील. सणासुदीला गाड्या लावायला जागा होईल. धरणं धरणाऱ्यांना ऐसपैस बसता येईल. स्वामीजींना चहूबाजूंनी पाण्यानं वेढून ठेवणं बरं दिसत नाही. भाविकांना थेट चालत त्यांच्यापर्यंत जाता येईल. शेवटी स्विफ्टसारखीच पुस्ती होती: यात माझा काहीच स्वार्थ नाही, मला पोहता येत नाही.

मुलांनी तो मंडपात टांगताना एकमेकांना कोपरानं ढोसलं. लोक वाचतील, दचकतील, मग हसतील, मग लाजतील, असा सगळा क्रम त्यांनी मनात आखून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी आरतीनंतर भाऊसाहेब भित्तिपत्रकापुढे उभे राहिले. भाऊसाहेब म्हणजे पाऱ्यातले वजनदार गृहस्थ, मुख्य रस्त्यावर दुकान, गणपतीची वर्गणी दर वर्षी सर्वांत आधी त्यांची. माणूस भला. त्यांनी लेख पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला आणि म्हणाले, “वा! पोरं एवढा विचार करून राहिलीत आणि आपण मोठी माणसं नुसती आरत्या म्हणतोय.” त्यांनी लेखाचा फोटो घेतला. तिसऱ्या दिवशी त्या लेखाचं हिंदी भाषांतर टाइप होऊन आलं. वर ‘आवेदन’ लिहिलेलं, खाली सह्यांसाठी रेघा. महापालिकेला द्यायचा अर्ज तयार झाला होता. पोहता न येण्याचं वाक्य तेवढं त्यांनी गाळलं होतं. अर्जात ते बरं दिसत नव्हतं.

विसर्जनापर्यंत सह्यांचं पान भरलं.

रविवारी ओसरीवर मुलं रागानं लाल झाली होती. “लोकांना समजतच नाही, बाई.” “सीधा अर्थ लावून मोकळे झाले.” “आपण लिहूच नये यांच्यासाठी.” वकिलांचा नातू सगळ्यांत जास्त चिडला होता. तो म्हणाला, “एवढं स्पष्ट लिहिलंय. ज्याला डोकं आहे त्याला कळेलच. ज्याला नाही त्याच्यासाठी मी काय करू?”

तेव्हा दूधवाल्याची मुलगी म्हणाली, “माझ्या बाबूनं पण सही केली.”

मुलगा थांबला.

“त्याला वाचता येत नाही नीट. मी विचारलं, काहून केली सही? तर म्हणाला, बाईच्या घरच्या लइका मन लिखे हे, बने च होही.” बाईंच्या घरच्या मुलांनी लिहिलंय म्हणजे चांगलंच असणार. तिचा आवाज चढला नव्हता. “म्हणजे डोकं नाही म्हणून नाही केली त्यानं. आपल्यावर भरवसा आहे म्हणून केली.”

माझ्या मते त्या पावसाळ्यातला सर्वांत मोठा धडा हाच होता, आणि तो बाईंनी दिला नव्हता. उपरोध लिहिणारा वाचकाच्या भरवशाशी खेळत असतो. तो म्हणतो एक, त्याला हवं असतं दुसरं, आणि मधलं अंतर वाचकानं स्वतः चालून यावं अशी त्याची अपेक्षा असते. ते अंतर चालायला वाट ठेवली नाही, तर तो वाचकाला फसवतो. मग वाचकाला मूर्ख म्हणण्याचा अधिकार त्याला कुठून येणार?

बाईंनी मुलाला लेख पुन्हा वाचायला लावला, एकेक वाक्य. प्रत्येक वाक्यानंतर त्या एकच विचारत: “हे वाचताना भाऊसाहेबांना कुठे दुखलं असेल?” डास जातील. नाही दुखलं. गाड्या लावायला जागा. उलट बरंच वाटलं. रजबंधा बुजला, लेंडी बुजला, मग हा का नको. हे तर शहरानं खरंच करून दाखवलेलं, यात अचाट काय आहे?

“स्विफ्टच्या कागदावर कुणी सही केली असती?” बाईंनी विचारलं.

“नाही.”

“का नाही?”

मुलगा बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “कारण तिथे लेकरू खायचं होतं. सही करणाऱ्याला आपलं लेकरू दिसलं असतं.”

“आणि तुझ्या लेखात काय खायचं आहे?”

“काहीच नाही. फक्त फायदे आहेत.”

बाई उठल्या आणि आतून एक पातळ पुस्तक घेऊन आल्या. “बूढा तलावाजवळची ती शाळा कुणाच्या नावाची आहे?” सगळे एका सुरात म्हणाले, सप्रे शाळा. काहीजण तिथल्याच मैदानावर क्रिकेट खेळत. “कोण होते सप्रे?” तिथे सूर तुटला. देशभक्त, एकानं म्हटलं. मग शांतता.

माधवराव सप्रे, बाईंनी सांगितलं, मराठी घरातले, जन्म 1871 सालचा, दमोह जिल्ह्यातल्या पथरियाचा. शिक्षणाचा काही भाग रायपुरात. 1900 साली त्यांनी पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ़ मित्र’ नावाचं हिंदी मासिक सुरू केलं. सोबत रामराव चिंचोलकर आणि वामनराव लाखे होते, तेच लाखे ज्यांच्या नावाचं लाखेनगर आहे. मासिक तीन वर्षं चाललं. पुढे सप्र्यांनी दासबोध हिंदीत नेला, टिळकांचं गीतारहस्य हिंदीत नेलं, नागपुरातून ‘हिंदी केसरी’ चालवला, तुरुंग पाहिला, आणि 1926 साली रायपुरातच देह ठेवला. पहिल्या रविवारी ज्या मूर्खलक्षणांवर तुम्ही खुणा केल्या, ती हिंदी वाचकांना देणारा माणूस या शहरातला होता.

“पण आज मला त्यांची एक लहानशी गोष्ट सांगायची आहे. 1901 साली त्यांच्याच मासिकात आलेली. ‘एक टोकरी भर मिट्टी’.”

गोष्ट अशी. एका जमीनदाराच्या वाड्याशेजारी एका गरीब विधवेची झोपडी असते. जमीनदाराला अंगण वाढवायचं असतं. ती हटत नाही, तेव्हा तो वकिलांना पैसे चारून अदालतीतून झोपडीचा ताबा घेतो. म्हातारी शेजारी कुठेतरी राहू लागते. एक दिवस ती टोपली घेऊन येते आणि विनवते, की झोपडी सुटल्यापासून नात जेवत नाही, घरी चल म्हणते. इथली टोपलीभर माती नेते, तिची चूल घालीन, म्हणजे पोर त्यावरची भाकरी खाईल. जमीनदार परवानगी देतो. ती माती भरते आणि मग त्याला हात जोडून म्हणते, जरा हात लावा, डोक्यावर घ्यायची आहे. तो आधी चिडतो, मग पुन्हापुन्हा विनवल्यावर स्वतः पुढे होतो. टोपली जागची हलत नाही. सगळी ताकद लावतो, हलत नाही. तेव्हा ती एवढंच विचारते, की एका टोपलीचा भार तुम्हाला उचलवत नाही, या झोपडीत तर अशा हजारो टोपल्या माती आहे, तिचा भार जन्मभर कसा उचलाल? जमीनदाराचे डोळे उघडतात. तो झोपडी परत देतो.

दूधवाल्याची मुलगी म्हणाली, “ती पहिल्यांदा बोललीच नाही.”

“हां,” बाई म्हणाल्या. “बोलायचं ते तिच्याकडे आल्यापासून तयार होतं. दारात उभी राहून म्हणाली असती तर नोकरांनी हाकललं असतं. तिनं आधी त्याला टोपलीला हात लावायला लावला. वजन त्याच्या खांद्याला कळलं, मग वाक्य आलं. आता तुझा लेख पाहा. त्यात टोपली कुठे आहे?”

मुलानं वही मिटली. घरी जाताना तो कुणाशी बोलला नाही.

घरी एक गोष्ट त्याची वाट पाहत होती, आणि ती त्याला आठवडाभर टाळता आली होती. सह्यांच्या पानावर तिसरं नाव त्याच्या आजोबांचं होतं. आजोबांनी उभं आयुष्य कोर्टात काढलं. न वाचता ते कशावर सही करत नसत. त्या संध्याकाळी तो त्यांच्या खोलीत गेला आणि म्हणाला, “आजोबा, तो लेख खरा नव्हता. मला तलाव बुजवायला नको आहे. मी उलटं लिहिलं होतं.”

आजोबांनी पेपर खाली ठेवला. “उलटं लिहिलं होतंस?”

“हो.”

“मला थोडं विचित्र वाटलं होतं,” ते म्हणाले. “पण म्हटलं, आपलं पोर एवढं लिहितंय, अभ्यास करून लिहितंय, तर आपलंच जुनं मत असेल. आम्ही लहान होतो तेव्हा आमचा गणपती त्या तलावात जायचा. सही करताना तेच आठवत होतं. तरी केली. तुझं नाव होतं ना खाली.”

मुलगा त्यांच्या पायाशी बसला. आजोबा रागावले असते तर त्याला सोपं गेलं असतं. ते तलावाबद्दल सांगत राहिले: घाट कुठे होता, कोणत्या कोपऱ्यात कमळं असत, परसातली विहीर मे महिन्यातही बारा हातांवर पाणी का दाखवते, तिची आणि तलावाची जमिनीखालून कशी ओळख आहे. मुलानं ती विहीर रोज पाहिली होती. तिचं पाणी कुठून येतं असं त्यानं कधी विचारलं नव्हतं. रजबंध्याची माहिती त्यानं वर्तमानपत्रांतून काढली होती, आणि स्वतःच्या परसात डोकावला नव्हता.

त्या रात्री त्यानं लेख लिहिला नाही. त्यानं एक फॉर्म तयार केला.

‘बूढा तलाव बुजवण्याच्या अर्जावर सही करणाऱ्यांसाठी माहितीपत्रक.’ खाली रकाने.

‘एक. तलाव बुजवायला माती लागेल. ती बाहेरून विकत आणणं परवडणारं नाही. सही करणाऱ्यांनी आपल्या अंगणातली माती द्यावी. आपण किती टोपल्या देणार? माती घराच्या पायाजवळची असल्यास अधिक चांगली.

‘दोन. घरी विहीर आहे का? मे महिन्यात पाणी किती हातांवर असतं? तलाव गेल्यावर तीही कोरडी पडणार. रिकामी विहीर धोक्याची, तेव्हा त्याच मातीनं तीही बुजवून घेण्यास आपली संमती आहे का?

‘तीन. पावसाचं जे पाणी आज तलावात जातं, ते तलाव नसेल तेव्हाही येणार. त्याला कुठेतरी जागा द्यावी लागेल. आपल्या घरात कोणत्या खोलीत घेणं सोयीचं पडेल? देवघर, स्वयंपाकघर, की माजघर?

‘चार. इथे पूर्वी काय होतं, असं नातवंडांनी विचारल्यास उत्तर कोण देणार? त्यांचं नाव आणि सही.’

पहिली ओळ त्यानं स्वतःच्या घराची भरली. सकाळी आजोबांसमोर बसून एकेक रकाना विचारला. आजोबा शांतपणे उत्तरं देत गेले. विहीर आहे. बारा हात. संमती नाही. तिसऱ्या रकान्याला ते बराच वेळ थांबले आणि म्हणाले, “देवघरात नको. स्वयंपाकघरात तुझी आई असते. माझ्या खोलीत घ्या म्हणावं.” मुलानं तसंच लिहिलं. लिहिताना हात अडखळला. चौथ्या रकान्यात आजोबांनी नातवाचं नाव घालायला सांगितलं.

फॉर्म घेऊन तो एकटाच भाऊसाहेबांच्या दुकानात गेला. “काका, अर्जासोबत हे जोडायचं राहिलं होतं. सही करणाऱ्या प्रत्येकानं भरायचं आहे.”

भाऊसाहेबांनी गिऱ्हाइकाला थांबवलं, चष्मा लावला, पेन उघडलं. पहिला रकाना वाचून ते म्हणाले, “अंगणातली माती? कशाला? मुरूम मिळतो ना.” तरी त्यांनी ‘10’ लिहिले. दुसरा वाचताना पेन थांबलं. तिसरा त्यांनी दोनदा वाचला. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या दुकानात गुडघाभर पाणी शिरलं होतं. तांदळाची पोती वर चढवताना ते घसरून पडले होते.

“हे काय लिहून आणलंस बे?” ते म्हणाले. “माझी थट्टा करून राहिलास?”

“पहिली ओळ आमच्या घराची आहे, काका.”

भाऊसाहेबांनी ती ओळ वाचली. ‘आजोबांची खोली.’ खाली मुलाचं अक्षर, शेजारी म्हाताऱ्याची थरथरती सही. त्यांनी पेनला टोपण लावलं, फॉर्म घडी करून खिशात घातला आणि गिऱ्हाइकाकडे वळले. मुलगा थोडा वेळ उभा राहिला, मग निघून आला.

आठवडा गेला. अर्ज महापालिकेत गेला की नाही ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मुलानं फॉर्मच्या प्रती काढून मंडळाच्या फलकावर लावल्या. काही लोकांनी त्या वाचल्या, एकदोघं हसले, एक बाई रागावल्या, आणि दूधवाल्यानं मुलीकडून चारही रकाने वाचून घेतले, मग भाऊसाहेबांकडे जाऊन आपल्या नावावर काट मारून मागितली.

पुढच्या रविवारी वर्ग नुकताच सुरू झाला होता, तेव्हा भाऊसाहेब ओसरीच्या पायऱ्या चढून आले. मुलं सावरून बसली. बाईंनी त्यांच्यासाठी खुर्ची आणवली, त्यांनी नको म्हटलं आणि सतरंजीवरच मांडी घातली.

“अर्ज माझ्याजवळच आहे, बाई,” ते म्हणाले. “ज्यानं सही केली त्यानं हा कागद भरायचा, मगच पुढे पाठवीन, असं सांगून राहिलोय सगळ्यांना. अजून कुणी भरून दिला नाही. माझाही अर्धाच आहे.” मग त्यांनी खिशातून दुसरा कागद काढला. “पण या पोराच्या कागदात एक रकाना कमी आहे. तो मी लिहून आणलाय.”

त्यांच्या वळणदार, दुकानी अक्षरात लिहिलं होतं: ‘पाच. तलाव वाचवणाऱ्यांसाठी. संध्याकाळी तलावाच्या काठी बसून आपण जी वेफर्सची पाकिटं पाण्यात सोडता, ती किती दिवसांत तलाव बुजवतील? हिशेब करून सांगावं, म्हणजे अर्जाची गरज उरणार नाही. मातीचा खर्चही वाचेल.’

ओसरीवर मोठा हशा उठला. भाऊसाहेबही हसले. वकिलांचा नातू आधी लाल झाला, मग हसला, मग त्यानं कागद मागून घेतला आणि पुन्हा वाचला. “काका, हे चांगलं आहे,” तो म्हणाला. “हे आम्हाला लागतं.”

“लागायला पाहिजेच. मला नाही लागलं?”

बाईंनी कागद हातात घेतला, लाल पेन्सिल काढली, आणि वर्गातल्या कुणाच्याही वहीवर करतील तशी शेवटच्या वाक्यावर रेघ मारली. “भाऊसाहेब, ‘अर्जाची गरज उरणार नाही’ इथे थांबा. मातीच्या खर्चाचं पुढे नको. घाव बसल्यावर पुन्हा हात कशाला उगारायचा?”

“पण बाई, दुकानदार आहे मी. खर्च तर सांगावाच लागेल.”

“मग तो आधी घ्या. शेवटी नको.”

भाऊसाहेबांनी दूधवाल्याच्या मुलीकडून पेन मागून घेतलं, कागद मांडीवर पालथा धरला आणि वाक्य पुन्हा लिहायला लागले. ‘खर्च’ आधी घेतला तर ‘पाकिटं’ कुठे येतील, यावरून त्यांचं आणि वकिलांच्या नातवाचं तिथेच जुंपलं, आणि बाकीची मुलं दोघांच्या बाजूनं बोलू लागली.